सासूबाईंनी धरलेला उपास

माझ्या नणंदेने आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी तिचं लिव्हर निकामी झालं तेव्हा नात्यातल्या निम्म्या बायकांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांग, घेत होती का गं?" पहिल्या दोघींना मी नीट समजावून सांगितलं. तिसरीला म्हणाले, "हो ना, रोज. शाळेतून आली की चहाऐवजी." ती बाई गंभीरपणे मान हलवत निघून गेली आणि पुढे कित्येक दिवस ते प्रकरण मलाच निस्तरावं लागलं. मला तोंड आवरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. ठाणे पूर्वेला कोपरीत राहायची आणि तिथल्याच एका शाळेत शिकवायची. मूलबाळ नाही, घरात ती आणि तिचे यजमान. अंगाने पहिल्यापासून भरलेली. खायची आवड होतीच, पण तिचं वजन वाढलं ते आवडीने कमी आणि अन्न टाकवत नाही म्हणून जास्त. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात राहिलेला भात, डब्यात उरलेली अर्धी पोळी, पाहुण्यांच्या पुढ्यातला शेवटचा लाडू, सगळं तिच्या पोटात जायचं. मी चिडवायचे, "ताई, तुमच्या घरात ओल्या कचऱ्याचा डबा ठेवायची गरजच नाही." ती हसायची आणि वर मलाच आग्रह करून वाढायची.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं होतं. त्यात सोनोग्राफी झाली आणि ताईच्या कागदावर फॅटी लिव्हर असं आलं. शिक्षकांच्या खोलीतल्या निम्म्याहून जास्त जणांचं तेच आलं म्हणे, त्यामुळे कोणाला भीती म्हणून वाटली नाही. डॉक्टरांनी वजन उतरवा, रोज चाला, साखर, मैदा, तळण बंद करा, एवढंच सांगितलं. गोळी काही दिली नाही, आणि ज्या दुखण्याला गोळी नाही ते दुखणं आमच्याकडे कोणी खरं धरत नाही. ताईने चालायला म्हणून पांढरे बूट आणले आणि काही दिवस कोपरीतून खाडीच्या बाजूला चालून आली. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं, माझ्या सासऱ्यांचं आजारपण आलं. चालणं राहून गेलं. दुखत काही नव्हतं. लिव्हरचं तेच वाईट आहे, ते दुखत नाही.

शेवटी पाय सुजले, पोटात पाणी झालं, डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा धावपळ झाली. तोपर्यंत लिव्हर कडक होऊन आकसलं होतं. ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की औषधांनी दिवस ढकलता येतील, पण लिव्हर बदलण्याला पर्याय नाही. गेलेल्या माणसाचं लिव्हर मिळण्यासाठी नाव नोंदवायचं आणि वाट पाहायची. नाहीतर घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा.

सगळ्यात आधी बोलल्या त्या माझ्या सासूबाई. "माझं घ्या," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या वयाला नाही चालत." सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "मला काही होत नाही. मी अजून जिना चढते." तिसऱ्यांदाही म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. ताईच्या यजमानांचा रक्तगट जुळत नव्हता. मग माझा नवरा म्हणाला, "माझं बघा."

त्याचा रक्तगट जुळला. बाकी तपासण्याही ठीक निघाल्या. अडलं ते एकाच ठिकाणी. त्याच्याही लिव्हरमध्ये चरबी होती.

आता माझा नवरा म्हणजे डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशोबनीस. दिवसभर खुर्ची, दुपारी स्कूटरवरून घरी येऊन आईच्या हातचं गरम जेवण, संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत. पोट शर्टाच्या बटणांवर जोर करून असायचं. मी म्हणायचे, तुझ्या आधी तुझं पोट घरात येतं. त्या पोटाकडे डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि सांगितलं की निरोगी लिव्हरचा मोठा तुकडा काढला तरी राहिलेलं पुन्हा वाढतं, दिलेलंही वाढतं. पण चरबी असलेलं लिव्हर ताईच्या पोटात धड कामाला लागणार नाही, आणि यांच्याही जिवाला धोका होईल. "दोन महिने देते," त्या म्हणाल्या. "वजन उतरवा. लिव्हरमधली चरबी खाण्यापिण्याने आणि चालण्यानेच जाते, आणि मनावर घेतलं तर लवकर जाते. मग पुन्हा स्कॅन करू. ताईंकडे फार वेळ नाही, हे लक्षात ठेवा."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, नको. ताईवर माझा जीव होता, पण नवरा माझा होता, आणि त्याला कापून त्याच्या आतला मोठा तुकडा काढणार होते. रात्री तो घोरायला लागला की मी त्याच्या पोटावर हात ठेवून पडायचे. पण हे त्याला म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बायकोची संमती लागते म्हणाले, ती मी दिली.

आहारतज्ज्ञ मुलगी लहानच होती, माझी मुलगी शोभेल अशी, पण बोलायला स्पष्ट. अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ नाहीतर पनीर, उरलेल्या पावात एक भाकरी किंवा मूठभर भात. साखर बंद, गूळही साखरच, फळांचा रस नको, फळ चावून खा. बेकरीचं आणि तळलेलं नाव काढायचं नाही. उपाशी राहून पटकन वजन पाडायला जायचं नाही, त्यानेही लिव्हर बिघडतं. रोज पाऊण तास भरभर चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्यातून दोनतीनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, जमेल तसं. नवऱ्याने सगळं शाळेतल्या मुलासारखं ऐकून घेतलं.

आणि पहिला महिना त्याने खरंच केलं. पहाटे आम्ही दोघं निघायचो. एमआयडीसीतल्या निवासी भागाकडे जाणारा रस्ता त्या वेळी मोकळा असतो, फक्त नाकाला रुमाल लावावा लागतो, कारण कारखाने काय सोडायचं ते रात्रीच सोडून बसलेले असतात. मी दम लागून मागे राहायचे. तो पुढे जाऊन थांबायचा आणि म्हणायचा, "गाणं म्हणून दाखव बघू." मी त्याला शिव्या द्यायचे, त्या मात्र एका दमात देता यायच्या. दुधी, पडवळ, मुगाची उसळ, नाचणीची भाकरी. कढईतलं तेल मी चमच्याने घालायला लागले. महिनाभरात त्याची पँट कमरेत सैल झाली. वजनकाट्यावर उभा राहून तो मला हाक मारायचा, आणि मी कणकेच्या हातांनी बघायला जायचे.

आम्ही रविवारी ताईकडे जायचो तेव्हा तो तिला पोट आत ओढून दाखवायचा. ती तोवर फार खंगली होती. हातपाय काड्या आणि पोट मात्र दिवस भरल्यासारखं. एकदा तो खाली औषधं आणायला गेला तेव्हा तिने मला जवळ बसवलं.

"तुझी खरंच हो आहे ना गं? उगीच मोठेपणा म्हणून नको."

"माझी हो आहे," मी म्हणाले.

"मला जगायचंय," ताई म्हणाली. "लाज वाटते सांगायला. त्याला कापणार म्हणून रडू येतं, आणि तरी मला जगायचंय."

मी तिच्या पायांना तेल चोळत बसले. त्या दिवशी माझ्या मनातलं 'नको' पुसलं गेलं. भीती तेवढी राहिली.

मग श्रावण लागला. आदल्या दिवशी संध्याकाळी देवापुढे दिवा लावून सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी महिन्याचा उपास धरलाय. महिनाभर अन्न नाही, फराळाचं तेवढं खायचं. मायलेकांनी मिळून करायचा, असं बोललेय मी देवाला."

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "आई, त्याचा आहार ठरवून दिलाय."

"उपासाने कुणाचं वजन वाढलंय?" त्या म्हणाल्या.

"साबुदाण्याने वाढतं."

"आता देवाला सांगून झालंय. मोडता यायचं नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. या वयात आई महिनाभर उपास करणार, ताईसाठी. मी खोलीत गेल्यावर त्याला म्हटलं, तू नाही म्हण, तुला जमत नसेल तर मी म्हणते. तर म्हणाला, "अगं, कसं नाही म्हणू? उद्या ताईचं काही बरंवाईट झालं तर आई जन्मभर म्हणेल, तू उपास मोडलास. मलाही तेच वाटत राहील. मी थोडंच खाईन ना."

थोडंच खाईन. मी सकाळी आठला घर सोडते, ठाण्यात ऑफिस, परत यायला सात वाजतात. दुपारी तो घरी जेवायला यायचा तेव्हा स्वयंपाकघरात सासूबाई एकट्या असायच्या. पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर तूप. दुसऱ्या दिवशी वरीचा भात आणि दाण्याची आमटी. मग बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याच्या पुऱ्या, रताळ्याचा कीस, केळ्याचं शिकरण, खजूर, रात्री झोपताना साखर घातलेलं दूध, उपासाने अशक्तपणा येतो म्हणून. महिनाभर दुधी खाल्लेला माणूस तो. त्याने कितीही ठरवलं तरी समोर आलेल्या खिचडीला नाही कसं म्हणणार, आणि सासूबाई पानाशी बसून वाढायच्या. त्या स्वतः मात्र एका केळ्यावर आणि कपभर ताकावर दिवस काढत होत्या. तेही मी पाहत होते. त्यामुळे मला धड भांडताही येईना.

मी आहारतज्ज्ञ मुलीला फोन केला. ती म्हणाली, उपास करायचाच तर ताक, दही, काकडी, पपई, थोडे दाणे, राजगिऱ्याची भाकरी यांवर करता येईल, पण साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, बटाटा आणि साखर तर नकोच. मी दही लावून ठेवलं, काकड्या चिरून डब्यात भरून ठेवल्या, राजगिऱ्याचं पीठ आणून ठेवलं. संध्याकाळी आले की दही तसंच, काकड्यांना पाणी सुटलेलं आणि पिठाच्या पुऱ्या झालेल्या. "काकडीने काय होतंय त्याचं," सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर काम करतो तो."

चालणंही सुटलं. उपाशीपोटी एवढं चालू नये, चक्कर येईल, असं त्यांनी त्याच्या मनात भरवलं. पाऊसही होताच निमित्ताला. एक दिवस वजनकाटा जागेवर दिसला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "माळ्यावर ठेवला. रोज रोज वजन करून आपलीच नजर लागते माणसाला." मी स्टूल घेऊन तो खाली काढला आणि संध्याकाळी नवऱ्याला त्यावर उभं केलं. महिनाभरात उतरलेलं जवळजवळ सगळं वजन परत चढलं होतं. त्याने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाणी साठलं असेल अंगात. उपासच तर करतोय मी." मी इतकी चिडले की ताट आपटलं. आतून सासूबाईंचा स्तोत्र म्हणायचा आवाज येत होता, एका लयीत.

त्याच दिवसांत ताईला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. रक्तातली घाण मेंदूपर्यंत जायला लागली होती. मी भेटायला गेले तेव्हा तिने मला ओळखलं नाही. तिला मी तिच्या वर्गातली मुलगी वाटले. "पाढे पाठ केलेस का?" तिने विचारलं. मी म्हणाले, हो बाई. "मग म्हण." त्या खोलीत, शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांसमोर, मी तेराचा पाढा म्हटला. मध्ये चुकले. "पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली.

श्रावण संपता संपता स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. पहिल्यापेक्षा चरबी कमी व्हायच्या जागी वाढली होती. "अशा परिस्थितीत मी तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. नवरा खाली मान घालून बसला. त्यांनी विचारलं, "काय खात होतात?" तो म्हणाला, "उपास चाललेला." त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर तो सासूबाईंना एवढंच म्हणाला, "नाही जमलं, आई." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी भांडी लावत होते, नवरा हॉस्पिटलात गेला होता. सासूबाई ओट्याशी आल्या आणि म्हणाल्या, "उद्या समोरच्या सवाष्णीला जेवायला सांगून ठेव. पुरण घालू. उद्यापन करायचंय."

मला कळेचना. उद्यापन करायचं ते देवाने ऐकल्यावर, मागितलेलं मिळाल्यावर. "आई, कसलं उद्यापन? ताई तिकडे अशा पडल्यात."

"माझा उपास पुरा झाला."

"ताईंचं अजून काहीच झालेलं नाही."

"मी कधी म्हटलं की तिच्यासाठी धरलाय?"

त्यांनी खरंच कधी म्हटलं नव्हतं. म्हणत होतो आम्ही. नवरा म्हणायचा, शेजारणी म्हणायच्या, ताईच्या यजमानांनी तर फोनवर रडून त्यांचे आभार मानले होते, आणि प्रत्येक वेळी त्या गप्प बसल्या होत्या.

"त्याच्यासाठी होता," सासूबाई म्हणाल्या. "त्याला सुरी लागू नये म्हणून."

मी विचारलं, "आणि साबुदाण्याचं? ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"जन्मभर उपास करतेय मी," त्या म्हणाल्या. "अंगाला काय लागतं ते मला ठाऊक नसेल?"

मग त्या स्टुलावर बसल्या. फार खराब झाल्या होत्या त्या महिन्यात, गळ्याखालची हाडं दिसत होती. सावकाश बोलल्या. "मला दोन पोरं. एक जाणार हे मी तिच्या डोळ्यांत पाहिलंय. तिच्या बापाचे असेच झाले होते शेवटी. राहिलेल्याला आपल्या हाताने नेऊन त्याच टेबलावर निजवू? आणि दोघं गेली तर? माझं देत होते मी. तीनदा म्हटलं, माझं घ्या. घेतलं त्यांनी?"

मला त्यांचा इतका संताप आला की हातातलं भांडं फेकून मारावंसं वाटलं. ताईने मला सांगितलं होतं की तिला जगायचंय. ती यांची पोटची पोर होती. आणि खरं सांगायचं तर त्याच संतापात, अगदी त्याच क्षणी, नवऱ्याच्या पोटावर आता टाके पडणार नाहीत या विचाराने माझं अंग सैल झालं. ते मला सहन होईना. मी म्हणाले, "उद्यापन होणार नाही या घरात. आणि आजपासून त्याचं जेवण मी करणार. तुम्ही चुलीपाशी यायचं नाही."

सासूबाई उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी त्यांना असं कधी बोलले नव्हते.

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन अक्षरशः पदर पसरला, म्हणजे पसरायला पदर नव्हता, पण तसंच. अजून थोडे दिवस द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "दिवस माझ्या हातात नाहीत हो. पण करा सुरुवात, महिन्याने बघू." नवऱ्याचा दुपारचा डबा मी पहाटे उठून भरून द्यायला लागले, त्याला घरी यायची बंदी केली. त्याला वाटलं, त्याच्यावर माझा विश्वास उरला नाही. वाटू दिलं. पहाटेचं चालणं पुन्हा सुरू झालं, आता तो गाण्याचं काही म्हणायचा नाही. घरात गणपती आले. मोदक केले ते नैवेद्याला आणि शेजाऱ्यांना. त्याने एकही तोंडात घातला नाही. सासूबाई आरतीला कोपऱ्यात उभ्या राहायच्या.

वजन उतरत होतं. काटा माझ्या बाजूने होता. पण ताईच्या पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला, ताप उतरेना, मग किडन्या थांबल्या. गणपती गेले आणि पितृपंधरवड्यात एका दुपारी ती गेली. महिना भरायला आठवडा बाकी होता. नात्यातल्या बायका म्हणाल्या, पितृपक्षात गेली, सुटली. मी कुणाला काही उलट बोलले नाही, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

ताईला घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी तिचे केस विंचरले. पिवळा पडलेला चेहरा ओल्या फडक्याने पुसला. रडल्या नाहीत. फक्त एकदा, तिच्या सुजलेल्या पावलांवर हात ठेवून बसल्या तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

नवऱ्याने चालणं थांबवलं नाही. मला वाटलं होतं, बारावं-तेरावं झालं की सगळं सुटेल, पुन्हा भजी येतील. तसं झालं नाही. तो एकटाच चालायला जायचा, पूर्वीपेक्षा दुप्पट लांब. ताटातली भाकरी अर्धी करायचा. लग्नकार्याला गेलो तर नुसती कोशिंबीर घेऊन बसायचा. लोक म्हणायचे, "काय फिट झालास रे, काय करतोस?" तो सांगायचा, "काही नाही, चालतो." ऑफिसातल्या दोघांना तर त्याच्याकडे बघून हुरूप आला आणि तेही चालायला लागले. गाल बसले, शर्ट लोंबायला लागले. रात्री माझा हात त्याच्या पोटावर पडला की बरगड्या लागतात.

मी त्याला सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं असेल. पण ताई गेली आहे, आणि हे सांगितलं तर त्याची आईही जाते. सासूबाई आणि मी एका स्वयंपाकघरात वावरतो. त्या परत चुलीपाशी आल्या, मी अडवलं नाही. मीठ कुठे ठेवलंय, दूध आलं का, एवढं बोलतो.

होळीच्या सुमारास तो कुणाला न सांगता जाऊन सोनोग्राफी करून आला. संध्याकाळी दारातच म्हणाला, "नॉर्मल आलं. लिव्हर एकदम स्वच्छ आहे म्हणाले. चरबी अजिबात नाही." आवाजात आनंद नव्हता, पण तो काहीतरी पार पाडून आल्यासारखा दिसत होता.

सासूबाई उठल्या, फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि चिमूटभर साखर त्याच्या तळहातावर ठेवली. चांगली बातमी आली की त्या आधी हातावर साखर ठेवतात, नंतर पुढचं विचारतात. दहावीच्या निकालापासून असंच चालत आलंय.

तो हातावरच्या साखरेकडे बघत उभा राहिला. "आई, आता चाललं असतं," तो म्हणाला. आणि तसाच खुर्चीत बसून रडायला लागला. ताईला नेलं तेव्हाही तो असा रडला नव्हता. "मीच कमी पडलो. महिनाभर तोंड आवरलं असतं ना मी, तर ती आज असती."

सासूबाईंनी त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्याच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. मी गॅस बंद केला आणि वाट पाहिली.

"तू नाही रे कमी पडलास," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याचा हात उचलून त्याच्या तोंडाशी नेला. "खा बाळा," त्या म्हणाल्या. "हातावर घेतलेली साखर टाकू नये."

आणि त्याने ती खाल्ली.